मेनूकार्डाचे रसग्रहण

दिवाळी अंकात समीक्षकाने एखाद्या कादंबरीचे किंवा कवितासंग्रहाचे गुणदोष सांगावेत, अशी रीत आहे. मी आज निवडलेल्या ग्रंथावर लेखकाचे नाव नाही. तो कोणी विकत घेत नाही, आणि तरीही घरातली लहानथोर माणसे तो मन लावून वाचतात. हा ग्रंथ म्हणजे उपाहारगृहातले मेनूकार्ड.

गेल्या भाऊबीजेला मी तो प्रथमच समीक्षकाच्या नजरेने वाचला. चार दिवसांच्या फराळाला सारेच कंटाळले होते, म्हणून आम्ही सात जण नेहमीच्या उपाहारगृहात गेलो. कार्ड नवेकोरे होते. उजव्या हाताचा किमतींचा रकाना नाहीसा झाला होता. प्रत्येक किंमत वर्णनाच्या शेपटाला, 'रुपये' हा शब्दही न लावता, बारीक अक्षरांत छापलेली. कालपर्यंत नुसता असलेला बटाटेवडा दोन ओळींच्या विशेषणांनी नटला होता. पनीरच्या एका पदार्थाभोवती सुरेख चौकट होती. आमच्या अक्काने चष्मा वरखाली करीत कार्ड तीनदा पाहिले आणि विचारले, "अरे, थालीपीठ कुठं गेलं?"

वेटर नम्रपणे म्हणाला, "आजी, ते बंद केलं. चालत नव्हतं."

या 'चालत नव्हतं'मागे एक शास्त्र आहे, हे मला नंतर वाचून कळले. १९८२ साली मायकेल कासावाना आणि डोनाल्ड स्मिथ या दोघा अमेरिकनांनी ते मांडले. प्रत्येक पदार्थाला ते दोनच प्रश्न विचारतात. पहिला, खप किती? कार्डावर दहा पदार्थ असले तर प्रत्येकाचा सरळ वाटा शंभरात दहा. त्याच्या सत्तर टक्के, म्हणजे शंभरात सात, जो गाठील तो लोकप्रिय. दुसरा, विक्रीच्या किमतीतून सामानाचा खर्च वजा जाता हाती काय उरते? या दोन उत्तरांवरून पदार्थांचे चार वर्ग पडतात. खपतो आणि पैसाही देतो तो तारा. खपतो पण थोडेच देतो तो नांगराचा घोडा. आपण औताचा बैल म्हणू. पैसा देतो पण खपत नाही ते कोडे. दोन्ही नाही ते कुत्रे. ताऱ्याला चौकट, कोड्याला नवे नाव, बैलाला जरा आडबाजूची जागा, आणि कुत्र्याला बहुधा निरोप.

या विचारातले गुण मी नाकारणार नाही. चाळीस रुपयांच्या सामानाचा पदार्थ एकशेवीसला विकला, तर मालकाला ऐंशी उरतात. दीडशेच्या सामानाचा तीनशेला विकला, तर दीडशे उरतात. टक्केवारी पाहणारा पहिल्याला नावाजील. पण जागेचे भाडे टक्क्यांत देता येत नाही, ते रुपयांतच द्यावे लागते. हे ज्याने मालकाला शिकवले त्याने अनेक उपाहारगृहे बुडण्यापासून वाचवली असतील. चाळीस पानी कार्डापेक्षा दोन पानी कार्ड बरे, हेही खरे. त्यात नासाडी कमी होते आणि भाजी ताजी मिळते.

शैलीविषयी मात्र माझी तक्रार आहे. नुसता आकडा छापला तर गिऱ्हाईक अधिक खर्च करते, असे कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांना एका उपाहारगृहातल्या पाहणीत आढळले. ती २००९ साली प्रसिद्ध झाली. मालकाला ही युक्ती सुचली यात नवल नाही. पण उजवा रकाना आधी वाचून मगच डावीकडे वळणारे बाप मी पाहिले आहेत. माझे वडील त्यांतलेच. मुलांना न कळू देता ते बेत आखीत. तो रकाना पुसला की अशा माणसाला किंमत सर्वांदेखत शोधावी लागते. लेखकाने वाचकाला अवघडून टाकावे, हा मी दोषच समजतो.

खरा दोष आशयात आहे. हा हिशेब ताटल्या मोजतो, टेबल मोजीत नाही. थालीपीठ अक्का एकटीच मागवी. त्यामुळे वहीत त्याची नोंद एक. पण अक्का पनीर खात नाही, मैदा तिला सोसत नाही. म्हणून 'कुठे जायचे?' या प्रश्नाचे उत्तर तिच्या थालीपिठावर ठरे. बाकीच्या सहा जणांनी मागवलेले तारे त्या कुत्र्यामागून तिथे आले होते. वहीने त्यांचे श्रेय ताऱ्यांनाच दिले. शिवाय या वजाबाकीत आचाऱ्याचे श्रम धरलेले नसतात. ते धरले तर कित्येक ताऱ्यांचे तेज उतरेल.

म्हणून मालकाला माझी सूचना इतकीच आहे : पदार्थ काढण्यापूर्वी, तो मागवणारे माणूस कोणाबरोबर येते ते एकदा वेटरला विचारा. त्याला ते ठाऊक असते.

त्या संध्याकाळी अक्का ताक पिऊन उठली. यंदाच्या भाऊबीजेचा बेत अजून ठरलेला नाही. परवा ती फोनवर म्हणाली, "थालीपीठ मिळेल तिथं जाऊ. नाहीतर मी घरीच लावते." मुलांनी दुसऱ्या पर्यायाला एकमताने मान्यता दिली आहे.