अख्खं खा, विष टाळा: एका बरोबर सल्ल्याचं अपुरेपण



आज ज्या सल्ल्याची चिकित्सा करायची आहे तो तुम्ही सगळ्यांनी ऐकलेला आहे. अन्न शक्यतो मूळ रूपात खा, पाकिटातलं टाळा, आणि प्लास्टिक, कीटकनाशकं, धूर असल्या विषांपासून लांब राहा. एवढं केलंत की चयापचय सुधारतो, साखर, रक्तदाब, पोट सगळं ताळ्यावर येतं. पुस्तकांतून, व्हिडिओंतून, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून हा सल्ला रोज येतो. माझं म्हणणं पहिल्यांदाच सांगून टाकतो: सल्ला बरोबर आहे. पण तो ज्या पद्धतीने सांगितला जातो, त्यात प्रमाणाचा विचार नाही आणि दुसऱ्या माणसाचाही नाही. वर्तकनगरात बसून तो ऐकला की हे फार लवकर लक्षात येतं.

आधी शब्द स्पष्ट करू. चयापचयाचं आरोग्य म्हणताना डॉक्टर साधारण पाच गोष्टी बघतात: कमरेचा घेर, उपाशीपोटीची साखर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल. आपल्याकडे कमरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० सेंटिमीटर धरतात. वजनकाटा यात नाही, हे ध्यानात ठेवा. त्याचं कारण पुढे येईल.

आता सल्ल्याची बळकट बाजू. २०१९ साली अमेरिकेत केविन हॉल यांनी एक प्रयोग केला. वीस माणसांना चार आठवडे संशोधन केंद्रात ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं अन्न. दोन्ही ताटांत समोर ठेवलेले उष्मांक, साखर, मेद, मीठ, तंतू जुळवलेले. खायचं मात्र हवं तेवढं. पाकीटबंद अन्नाच्या काळात माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि त्यांचं वजन वाढलं. कोणी त्यांना आग्रह केला नव्हता. म्हणजे पदार्थाचा प्रकारच जास्त खायला लावतो, याला चांगला पुरावा आहे.

आणि प्रश्न मोठा आहे, यातही शंका नाही. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३च्या अहवालात भारतात मधुमेहाचे रुग्ण १० कोटी १० लाख सांगितले, आणि त्याच्या उंबरठ्यावर आणखी १३ कोटी ६० लाख. या सभागृहात आपण जेवढे बसलो आहोत त्यातल्या प्रत्येकाच्या घरात कुणीतरी आहेच.

मग अडचण कुठे आहे? मराठीत या सल्ल्याचे दोन मोठे अवतार आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करू.

पहिला डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर त्यांनी आपली मांडणी उभी केली. कडकडून भूक लागेल तेव्हाच जेवा, दिवसातून दोनदाच जेवा, ५५ मिनिटांत जेवण संपवा, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. उपवनच्या तळ्याकाठी सकाळी घड्याळ बघत झपझप चालणारी मंडळी दिसतात ना, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात हाच हिशेब असतो. या मांडणीचा मोठा गुण असा की ती फुकट आहे. पावडर नाही, गोळी नाही, महागडी टोपली नाही. दर तासाला बिस्किट-चहा घेणाऱ्या समाजाला कुणीतरी ‘थांबा’ म्हणायला हवं होतं, ते त्यांनी म्हटलं. पण भर सगळा किती वेळा खाता यावर. ताटात काय आहे आणि किती आहे, हा प्रश्न मागे पडतो. शिवाय इन्शुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता जेवणं कमी केली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. व्हॉट्सॲपवर योजना फिरते तेव्हा ही ओळ सगळ्यात आधी गळते.

दुसरा अवतार ऋजुता दिवेकरांचा. त्यांनी उलट्या बाजूने सुरुवात केली: आजी जे खायची ते खा. स्थानिक, हंगामी, घरचं. तूप-भाताला घाबरू नका. यानेही चांगलं काम केलं. परदेशी किनोआसमोर न्यूनगंडाने बसलेल्या नाचणी, कोकम, फणसाच्या आठळ्यांना पुन्हा प्रतिष्ठा मिळाली. पण इथे मला विचारावंसं वाटतं: कुणाची आजी?

ठाण्यात आलेली आपली घरं कुठून आली? कोणी कोकणातून, कोणी साताऱ्याकडून, कोणी मराठवाड्यातून, खानदेशातून. आजी म्हटल्यावर डोळ्यांसमोर तुपाची धार येते, पण १९७२च्या दुष्काळात हजारो आज्या रोजगार हमीच्या खडीवर होत्या आणि वाट्याला सुकडी आणि आयात केलेली मिलो ज्वारी होती. आजीचं ताट पवित्र होतं असं नव्हे; पुष्कळ घरांत ते रिकामं होतं. आणि हा इतिहास भावनेपुरता राहत नाही, तो शरीरात उतरतो.

हे दाखवलं पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनी गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास सुरू केला. जन्मतः बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. स्नायू आणि अवयव आपल्या बाळांचे लहान, पण चरबी त्या मानाने टिकून. २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा स्वतःचा एक फोटो छापला गेला, सोबत लंडनचे डॉ. यूडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. यूडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२. बारीक दिसणारा भारतीय आतून जाड असू शकतो, तो असा. आता कळलं, सुरुवातीला मी वजनकाटा बाजूला आणि टेप पुढे का केली?

म्हणजे बघा, आपल्या चयापचयाची गोष्ट आपण पाकीट फोडलं तिथे सुरू होत नाही. आईच्या, कदाचित आजीच्याही उपासमारीत ती सुरू झालेली असते. ज्याला साखर झाली त्याला ‘तू खाण्यावर ताबा ठेवला नाहीस’ म्हणणं अर्धवट माहितीवर निकाल देणं आहे.

आता ‘अख्खं’ या शब्दाकडे येऊ. २०२५मध्ये आयसीएमआर-इंडियाबच्या आहाराच्या आकड्यांवर ‘नेचर मेडिसिन’मध्ये एक अभ्यास आला. भारतीयांच्या आहारात सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात. आणि त्यात एक गोष्ट अशी आढळली जी ‘अख्खं खा’वाल्यांनी भिंतीवर चिकटवावी: पांढऱ्या तांदळाच्या जागी नुसती गव्हाची किंवा भरड धान्याची पिठं आणली, पण कर्बोदकांचं एकूण प्रमाण तेवढंच राहिलं, तर मधुमेहाची शक्यता कमी दिसत नाही. कर्बोदकांचा थोडा हिस्सा काढून त्या जागी डाळी किंवा दूधदुभत्यातली प्रथिनं आली, तर ती कमी दिसते.

आपल्या भाषेत सांगायचं तर, भाताऐवजी तीन नाचणीच्या भाकऱ्या आणि वाटीत तळ दिसेल असं वरण, हे ‘आरोग्यदायी’ जेवण नाही. दोन भाकऱ्या कमी करा, उसळ वाढवा, घट्ट डाळ घ्या, ताक-दही घ्या, अंडी-मासे खात असाल तर ते घ्या. २०२४च्या आयसीएमआरच्या आहार मार्गदर्शिकेतही धान्यांचा वाटा ४५ टक्के उष्मांकांपर्यंतच ठेवायला सांगितला आहे. ‘मल्टिग्रेन’ लिहिलेल्या पाकिटाला हा हिशेब चुकवता येत नाही, आणि घरच्या जात्यालाही नाही.

आता दुसरा अर्धा भाग, विषाचा. इथे माझी तक्रार जास्त तीव्र आहे.

‘टॉक्सिन’ हा शब्द आपल्याकडे भुतासारखा वापरतात. नाव नाही, गाव नाही, मोजमाप नाही, फक्त ते ‘शरीरात साचतं’ आणि ते काढायला रस, काढा, पट्टी विकत मिळते. मंडळी, यकृत आणि मूत्रपिंड हे काम फुकट करत असतात. विषाबद्दल बोलायचं तर तीन गोष्टी सांगा: नाव काय, किती, आणि येतं कुठून. हे विचारलं की बाजारातली निम्मी भुतं पळतात आणि खरी विषं उरतात.

आणि खरी विषं अख्ख्या अन्नातच बसलेली असू शकतात. हळद घ्या. हळदीइतकं शुद्ध, घरचं दुसरं काय? बांगलादेशात हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचं रसायन, मिसळत होते. २०१९मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत ते सापडलं. पालेभाजी घ्या. मध्य रेल्वेच्या रुळांलगत पालक, माठ, लाल भाजीचे हिरवेगार वाफे आपण लोकलमधून पाहिलेत. त्यांतल्या काहींना नाल्याचं पाणी मिळतं, हे वर्षानुवर्षं छापून आलेलं आहे. ती भाजी ताजी, स्थानिक, हंगामी आणि पाकिटाबाहेरची आहे. सल्ल्याच्या सगळ्या परीक्षांत ती उत्तीर्ण होते!

आणि हवा? हवा तर टोपलीत निवडून घेता येत नाही. चेन्नई आणि दिल्लीतल्या लोकांचा काही वर्षं पाठपुरावा केलेला एक अभ्यास २०२३मध्ये आला. हवेतले पीएम २.५ कण वार्षिक सरासरीत १० मायक्रोग्रॅमने जास्त, तर नव्याने मधुमेह होण्याचा धोका सुमारे २२ टक्क्यांनी जास्त दिसला. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. पण तो दुर्लक्ष करण्यासारखाही नाही. २०१४च्या जानेवारीत डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला, २०२०मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. त्या रस्त्यावर राहणाऱ्या बाईला आपण काय सांगणार? ‘काचेची बाटली वापरा’?

हा या सल्ल्याचा मूळ दोष आहे. विष टाळणं ही तो खरेदीची गोष्ट करून टाकतो. ज्याच्याकडे पैसे आहेत तो सेंद्रिय भाजी, पाण्याचा फिल्टर, हवा शुद्ध करणारं यंत्र घेतो आणि सुटल्यासारखा वाटतो. त्याच्याच टॉवरखाली बारा तास रात्रपाळी करणारा पहारेकरी तीच हवा गाळल्याशिवाय घेतो.

आपल्या शरीरातून विष खरोखर कमी झालं ते कशाने, हेही बघा. पेट्रोलमधलं शिसं २०००मध्ये गेलं, ते कुणी शिसं-विरहित जीवनशैली निवडली म्हणून नव्हे, नियम झाला म्हणून. तेलातुपातल्या ट्रान्स फॅटवर २०२२पासून २ टक्क्यांची मर्यादा आली. ती वनस्पती तूप वापरणाऱ्या छोट्या बेकरीलाही लागू आहे. बांगलादेशातली ती हळद? छापे पडले, दंड झाले, बाजारात तपासणीचं यंत्र आलं, लोकांना सांगितलं गेलं, आणि २०२१पर्यंत नमुन्यांतलं ते प्रमाण ४७ वरून शून्यावर आलं. दोन वर्षांत! एकाही गृहिणीला प्रयोगशाळा काढावी लागली नाही.

गृहिणीवरून आठवलं. ‘सगळं घरी, ताजं करा’ हे वाक्य कर्तरी आहे की कर्मणी? करणार कोण? (हशा) हसू नका, हा आजच्या विषयाचा गाभा आहे. कडधान्य भिजवायचं, मोड आणायचे, भाजी निवडायची, भाकरी थापायची, आणि मग गर्दीतून ठाणे स्टेशन गाठायचं. पाकीट घरात आलं ते चवीमुळे आलं, तसंच वेळेमुळेही आलं. म्हणून मला ठाणे-डोंबिवलीची पोळीभाजी केंद्रं या चर्चेत फार महत्त्वाची वाटतात. अख्ख्या अन्नाची ही आपली स्वतःची सार्वजनिक सोय आहे, बहुतेक बायकांनीच उभी केलेली. तिथे भाजीबरोबर रोज एक घट्ट उसळ मिळाली, तेल बेताचं पडलं, तर शंभर व्हिडिओंचं काम होईल.

मग उद्या काय करायचं? घरात: टेप घ्या, कंबर मोजा. ताटातलं धान्य थोडं कमी, डाळ-उसळ जास्त. गरम पदार्थ प्लास्टिकच्या पिशवीत घेऊ नका, डबा न्या. घराबाहेर: वडापाव वर्तमानपत्रात बांधू नये, असं एफएसएसएआयने सांगितलेलं आहे, नाक्यावर ते आठवण करून द्या. तळणीचं तेल किती वेळा वापरायचं यालाही २०१८पासून मोजता येणारी मर्यादा आहे, टोटल पोलर कंपाउंड्स २५ टक्के. आपल्या प्रभागात ती शेवटची कधी तपासली, हे अन्न व औषध प्रशासनाला माहितीच्या अधिकारात विचारता येतं. हळदीचे, पालकाचे नमुने तपासले का, हेही विचारता येतं. सोसायटीची वार्षिक सभा पार्किंगवर तीन तास चालते. एक अर्ज लिहायला वीस मिनिटं पुरतात.

पुढच्या वेळी कुणी आहाराचा सल्ला दिला तर त्याला तीन प्रश्न विचारा. प्रमाण किती? हे रोज करणार कोण? आणि ज्याला हे विकत घेणं परवडत नाही त्याचं काय? पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा मिळेल. उरलेल्या दोघांची उत्तरं आपल्यालाच शोधावी लागतील, आणि ती एकेकट्या स्वयंपाकघरात सापडणार नाहीत.

थांबतो. आता प्रश्न घेऊ.