जॉन फोल्ड्स आणि पेटीचा वाद

परकीय कलावंत आपल्या संगीताकडे वळला म्हणजे आपण एक तर त्याच्या कौतुकाने हुरळून जातो, नाही तर त्याच्या अज्ञानावर बोट ठेवून मोकळे होतो. जॉन फोल्ड्स या इंग्रज संगीतरचनाकाराच्या बाबतीत या दोन्ही सवयी बाजूला ठेवल्या पाहिजेत.

१८८० साली मँचेस्टरला जन्मलेला फोल्ड्स मूळचा चेलोवादक. महायुद्धातील मृतांसाठी त्याने रचलेली ‘वर्ल्ड रिक्विएम’ ही भव्य कृती १९२३ ते १९२६ या काळात दरवर्षी युद्धविरामदिनी लंडनमध्ये सादर झाली आणि पुढे विस्मृतीत गेली. तिचा पुनःप्रयोग झाला तो थेट २००७ मध्ये. परंतु त्याची खरी प्रतिभा लहान कृतींत दिसते. ‘एसेज इन द मोड्स’ या पियानोरचनांत प्रत्येक वेळी एकाच स्वरसप्तकाशी त्याने जी निष्ठा राखली आहे, ती वर्ज्य स्वर पाळणाऱ्या गवयाची आठवण करून देते. रागाचे चलन मात्र तीत नाही, आणि मींड पियानोवर येणार तरी कशी?

१९३५ मध्ये तो भारतात आला, पंजाबातील लोकसंगीत त्याने गोळा केले आणि १९३७ पासून दिल्ली आकाशवाणीवर पाश्चात्य संगीताची धुरा वाहिली. तेथेच १९३८ मध्ये त्याने हार्मोनियमवर कडाडून टीका केली. बारा अचल स्वरांत श्रुती गुदमरतात, हा त्याचा आक्षेप शास्त्रदृष्ट्या बिनतोड होता. १९४० मध्ये नभोवाणीने पेटीवर बंदी घातली. ती सैल होण्यास १९७१ साल उजाडावे लागले.

येथे मराठी रसिकाला थांबावे लागते. भास्करबुवा बखल्यांना साथ करणारे, ‘मानापमान’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे यांचे वाद्य हेच होते. फोल्ड्सने वाद्य तपासले, वाजविणारा हात मात्र विचारात घेतला नाही. पियानोच्या अचल स्वरांशी स्वतः केलेली तडजोड त्याने पेटीवाल्याला नाकारली, ही त्याच्या विचारातील खरी विसंगती होय.

तरीही भारतीय वादकांचा वृंद उभारून दोन संगीतांचा मेळ घालण्याची त्याची धडपड प्रामाणिक होती. १९३९ मध्ये कलकत्त्यास पटकीने त्याचा अंत झाला आणि ती अपुरी राहिली. १९५१ पासून ले कॉर्बुझिएने आखलेल्या चंदीगडमध्ये राहणाऱ्या आपणांस हे उमगावे की, परकी वस्तू आपली होते ती वापरणाऱ्यांच्या हातून. पेटीला ते हात लाभले. फोल्ड्सच्या वाद्यवृंदाला तेवढा काळच मिळाला नाही.