आठ आठवडे व्हीगन: जुळ्यांचा अभ्यास आणि आमच्या घरचा

मागच्या उन्हाळ्यात मी बाबांना एक चॅलेंज दिलं. आठ आठवडे पूर्ण व्हीगन. दूध, दही, तूप बंद, अंडं बंद, रविवारचं मटण तर बंदच. ज्या माणसाने आयुष्यभर गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर उभं राहून समोर धार काढलेलं म्हशीचं दूध प्यायलं, त्याला हे सांगणं म्हणजे काय, ते कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. बाबा तयार झाले ते माझ्या शब्दावर नाही. त्यांनी नेटफ्लिक्सवरची 'यू आर व्हॉट यू ईट: अ ट्विन एक्सपेरिमेंट' ही मालिका पाहिली होती. "जुळ्यांवर केलंय, म्हणजे पक्कंच असणार," हे त्यांचं वाक्य.

आठ आठवड्यांनी रिपोर्ट आला. एलडीएल १४८ वरून १०९. घरात पेढे वाटायचे बाकी होते (पेढे दुधाचे, म्हणून राहिले). आणि त्याच संध्याकाळी बाबांनी कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची पट्टी कपाटात ठेवून दिली. "आता काय गरज?"

मला उत्तर देता आलं नाही. चार वर्षं संशोधनपद्धती शिकतोय, शिकवतोय, आणि घरातल्या एका रिपोर्टचा अर्थ लावता येईना. म्हणून त्या मालिकेमागचा मूळ पेपर पुन्हा काढून बसलो. तुम्ही पेटची तयारी करत असाल, प्रपोजल लिहायच्या बेतात असाल, तर माझ्यासोबत हा पेपर वाचा. पेपर चांगला आहे. मालिकेबद्दल मला तसं म्हणता येत नाही.

आधी पेपर. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या क्रिस्टोफर गार्डनर यांच्या गटाने तो केला आणि ३० नोव्हेंबर २०२३ ला 'जामा नेटवर्क ओपन'मध्ये छापून आला. मालिका आली १ जानेवारी २०२४ ला, म्हणजे नव्या वर्षाच्या संकल्पांच्या मुहूर्तावर. एकसारख्या जुळ्यांच्या २२ जोड्या, एकूण ४४ माणसं. प्रत्येक जोडीतल्या एकाला चिठ्ठी टाकावी तसं व्हीगन गटात घातलं, दुसऱ्याला मिश्राहारी गटात. पहिले चार आठवडे जेवण तयार डब्यांतून घरपोच, पुढचे चार आठवडे ज्याचं त्याने करायचं. प्रायमरी आउटकम एकच, एलडीएल कोलेस्टेरॉल. ४४ पैकी ४३ जण शेवटपर्यंत टिकले, आणि आहाराच्या अभ्यासात हे फार दुर्मिळ आहे.

एक गोष्ट मला मनापासून आवडली. मिश्राहारी गटाला बर्गर आणि कोल्ड्रिंकवर ठेवलेलं नव्हतं. त्यांनाही भाज्या, फळं, अख्खी धान्यं भरपूर आणि साखर, मैदा कमी असाच आहार होता. आहाराच्या कित्येक अभ्यासांत आपल्या लाडक्या आहारासमोर मुद्दाम एक मरतुकडा प्रतिस्पर्धी उभा करतात. इथे तसं झालेलं नाही. तुमच्या प्रपोजलमध्ये कंट्रोल ग्रुप लिहाल तेव्हा हे आठवा: तुलना कोणाशी केली, यावरच निष्कर्षाची अर्धी किंमत ठरते.

आता आकडे. व्हीगन गटाचं सरासरी एलडीएल ११०.७ वरून ९५.५ वर आलं. मिश्राहारी गटाचं ११८.५ वरून ११६.१ वर. दोन गटांतला फरक मॉडेलमधून आला १३.९ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, व्हीगन गटाच्या बाजूने. ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल २.४ ते २५.३.

इथे थांबा. बहुतेक विद्यार्थी १३.९ वहीत लिहून पुढे जातात. मीही जायचो. पण वाचायची खरी गोष्ट ती २.४ आणि २५.३ ही दोन टोकं आहेत. २५ ने उतार म्हणजे डॉक्टर खूश. २.४ ने उतार म्हणजे दोन वेळा रक्त दिलं तरी एवढा फरक सहज पडतो. २२ जोड्यांच्या अभ्यासाला यापेक्षा बारीक सांगता येत नाही, आणि पेपर तसा दावाही करत नाही.

सुरुवातीचे आकडे पुन्हा बघा, ११०.७ आणि ११८.५. जनुकं तीच, पण प्रयोग सुरू व्हायच्या आधीच दोन गटांच्या सरासरीत जवळपास आठचा फरक. मालिका सुरू झाल्यापासून आपल्या मनावर ठसवते की ही दोघं हुबेहूब सारखी, म्हणजे पुढे जो फरक दिसेल तो जेवणाचाच. बाबांनी तेच धरून ठेवलं. पेपरचा पहिला तक्ताच त्याला छेद देतो. एकसारखी जुळीसुद्धा वेगळ्या घरात राहतात, वेगळं झोपतात, वेगळं चालतात.

मग जुळी घेऊन मिळालं काय? मोठ्या संख्येने माणसं घेऊन रँडमायझेशन केलं, तर जनुकांचा फरक सरासरीत आपोआप दोन्हीकडे सारखा वाटला जातो. माणसं थोडी असली की तसं होईल याचा भरवसा नसतो. तिथे जुळी कामाला येतात, तुलनेतला गोंगाट कमी करतात. लहान अभ्यासाला दिलेला तो चांगला टेकू आहे, एवढंच. एका जोडीकडे बोट दाखवून "बघा, हा बारीक झाला, तो नाही झाला" असं म्हणायची मुभा त्यातून मिळत नाही. मालिका मात्र नेमकं तेच करते. ४४ माणसांतून चार जोड्या निवडते, त्यांची घरं, थट्टा-मस्करी, एकमेकांशी लागलेली चुरस दाखवते आणि शेवटी त्यांचे त्यांचे रिपोर्ट. मधेमधे कोंबड्यांचे कारखाने, सॅमन मासे, हवामानबदल. हे विषय महत्त्वाचे आहेत, मी नाही म्हणत नाही. पण एलडीएलच्या प्रयोगाने त्यातलं काहीही सिद्ध होत नाही, आणि शेजारी शेजारी ठेवल्यावर सगळ्यालाच प्रयोगाचा पाठिंबा असल्यासारखं वाटतं.

आता या पेपरवरच्या टीकेबद्दल, कारण ती सगळीच बरोबर आहे असं नाही. तुम्हाला सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप असा: व्हीगन गटाचं वजन १.९ किलोने जास्त उतरलं, म्हणून एलडीएल उतरलं, आहाराचा काही संबंध नाही. ऐकायला एकदम हुशार वाटतं. हिशेब करून बघा. वजन आणि कोलेस्टेरॉल यांच्यावरचं १९९२ चं डॅटिलो आणि क्रिस-एथर्टन यांचं मेटाअनॅलिसिस बरंच वापरलं जातं. त्यानुसार एक किलो वजन घटलं की एलडीएल साधारण ०.८ ने उतरतं. १.९ किलोला दीड. १३.९ मधले दीड गेले, बाकीचे बारा कुठून आले? आहारातून, आणि त्यात नवल काहीच नाही. संतृप्त चरबी कमी केली की कोलेस्टेरॉल किती उतरेल याची समीकरणं कीज आणि हेगस्टेड यांनी १९६५ मध्येच मांडलेली आहेत.

पण हाच आक्षेप इन्सुलिनला लावा, तिथे तो चपखल बसतो. उपाशीपोटीचं इन्सुलिन व्हीगन गटात २.९ एककांनी जास्त उतरलं, इंटरव्हल ०.४ ते ५.३. इन्सुलिन वजनाला फार चटकन प्रतिसाद देतं. शिवाय ते सेकंडरी आउटकम होतं. तेव्हा या फरकातला किती व्हीगन असण्याचा आणि किती कमी खाण्याचा, हे या अभ्यासातून वेगळं काढता येत नाही. आक्षेप तोच, पेपर तोच. एका आकड्याला लागू पडतो, दुसऱ्याला नाही. जर्नल क्लबमध्ये "कन्फाउंडिंग आहे" एवढं म्हणून खाली बसणाऱ्यांना (त्यात मीही आलो) हा हिशेब मी हल्ली करायला लावतो: आहे ना, मग किती?

पैशाबद्दलही बोललं जातं. अभ्यासाला व्होग्ट फाउंडेशनचा निधी होता, आणि गार्डनर यांना या अभ्यासाबाहेर वनस्पतीजन्य मांस बनवणाऱ्या बियॉन्ड मीट कंपनीकडून निधी मिळाल्याची नोंद पेपरच्या शेवटी आहे. लपवलेलं काही नाही. मी अशी नोंद वाचतो तेव्हा पेपर फेकून देत नाही, चर्चेचा भाग मात्र दुप्पट सावधपणे वाचतो.

माझा स्वतःचा आक्षेप वेगळा आहे आणि तो आपल्या ताटाबद्दल आहे. 'व्हीगन' या शब्दातून तुम्ही काय खात नाही एवढं कळतं. काय खाता, ते कळत नाही. स्टॅनफर्डच्या डब्यांत डाळी, भाज्या, अख्खी धान्यं होती. तेलात तळलेला बटाटावडाही व्हीगन. शेव, फरसाण व्हीगन. नारळाच्या दुधातली सोलकढी व्हीगन, आणि खोबरेल तेलात संतृप्त चरबी ८० टक्क्यांहून जास्त, म्हणजे तुपापेक्षाही जास्त. कोणी तूप सोडून सगळं खोबरेल तेलात करायला लागला, तर कीज-हेगस्टेडची समीकरणं त्याला काय सांगतील? त्याचं एलडीएल चढेल, आणि तो बिचारा शंभर टक्के नियम पाळत असेल.

शिवाय तिथली तुलना अंडी, मासे, चिकन, चीज खाणाऱ्यांशी होती. आपल्याकडे हे चॅलेंज घेणाऱ्यांतली बरीच मंडळी आधीच शाकाहारी असतात. त्यांच्यासाठी व्हीगन होणं म्हणजे दूध, दही, ताक, तूप सोडणं. हा सरळ वेगळा प्रयोग झाला, आणि त्याचं उत्तर या पेपरात नाही. उलट एक धोका आहे. शाकाहारी माणसाला बी १२ मुख्यतः दुधातूनच मिळतं. पेपर म्हणतो की आठ आठवड्यांनी दोन गटांच्या रक्तातल्या बी १२ मध्ये लक्षणीय फरक नव्हता. याचा अर्थ व्हीगन आहारात बी १२ ची चिंता नको, असा लावू नका. यकृतातला साठा कित्येक महिने, बऱ्याचदा काही वर्षं पुरतो. आठ आठवड्यांत तो संपायचाच नव्हता, मग दिसणार काय? 'फरक आढळला नाही' असं वाक्य दिसलं की आधी विचारा, फरक असता तर या मुदतीत तो दिसला असता का?

आता बाबांचा रिपोर्ट. १४८ वरून १०९, म्हणजे २६ टक्के उतार. एकाच माणसाचं एलडीएल काही न बदलताही साधारण ८ टक्क्यांच्या आसपास खालीवर होतं. दोन वेगवेगळ्या दिवसांच्या मोजण्यांत २२-२३ टक्क्यांपर्यंतचा फरक नुसत्या चढउतारानेही पडू शकतो. २६ त्याच्या जरासं पलीकडे आहे, म्हणजे काहीतरी खरंच बदललं असावं. पण काय?

हे शोधायला मी आईची कॅलेंडरवरची नोंद बघितली. चॅलेंजच्या पहिल्या दिवसापासून आईने रोज दोन खुणा केल्या होत्या. एक हिरवी, दूध न घेतल्याची. एक निळी, गोळी घेतल्याची. त्याआधीच्या महिन्यांत निळी खूण नाहीच, कारण बाबा गोळी आठवड्यातून दोनदा-तीनदा घ्यायचे, आठवलं तर. चॅलेंजमुळे घरात शिस्त आली आणि गोळीही त्या शिस्तीत बसली. संध्याकाळचं चालणं पण तेव्हाच सुरू झालं. मध्यम डोसची स्टॅटिन रोज घेतली तर एकट्याने ३० ते ४९ टक्के उतार देते. म्हणजे बाबांचे २६ टक्के नुसत्या गोळीनेही भागतात, दूध सोडलं नसतं तरी. आणि त्या मोजणीवरून बाबांनी बंद काय केलं, तर गोळी.

मी चूक कुठे केली ते आता दिसतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढंही मी सांगितलं नव्हतं. पहिला रिपोर्टसुद्धा एकदाच काढला, दोनदा नाही. विद्यार्थ्याच्या प्रपोजलमध्ये हे दिसलं असतं तर मी लाल पेन काढलं असतं.

मी कॅलेंडर बाबांसमोर ठेवलं. त्यांनी दोन्ही रंगांवरून बोट फिरवलं.

"मग दूध सोडून काही झालंच नाही म्हणतोस?"

"झालं असेल. किती, ते यातून कळत नाही."

"दोन महिने कोरा चहा पाजलास, आणि कळत नाही?"

आई तिकडे तोंड फिरवून हसत होती.

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गोळी ताबडतोब पुन्हा सुरू करायला सांगितलं. जेवणातला बदल जमेल तेवढा ठेवा, पण गोळीच्या बदल्यात नाही, असं म्हणाले. बी १२ तपासायला लावलं, ते सुरुवातीलाच तपासायला हवं होतं. बाबा आता सकाळी अर्धा कप दुधाचा चहा घेतात, उसळ आणि भाकरी मात्र चॅलेंजमधली तशीच राहिली आहे. गंगावेशीला महिन्यातून एकदा जातात, मला न सांगता. गोळी रोज. पुढच्या महिन्यात दोन वेळा रक्त द्यायचं ठरलंय, आठवड्याच्या अंतराने, आणि या वेळी तारखा आईने लिहून ठेवल्यात.