पाणथळीची व्याख्या आणि सड्यावरील वनस्पती

कोणत्याही संरक्षणविचाराची खरी परीक्षा त्याच्या व्याख्येत होते. ज्या वस्तूस व्याख्येत स्थान नाही, तिला पुढे नियमात, नकाशात आणि व्यवहारातही स्थान मिळत नाही. भारतातील पाणथळविषयक नियम या दृष्टीने तपासले असता त्यांत एक मूलभूत उणीव आढळते. हे नियम पाणथळ क्षेत्रफळाने मोजतात. तिच्यातील कित्येक वनस्पती मात्र काळाच्या मापाने जगतात.

इराणमधील रामसर येथे १९७१ साली झालेल्या करारातील व्याख्या उदार आहे. पाणी नैसर्गिक असो वा कृत्रिम, कायमचे असो वा तात्पुरते, ती त्याला पाणथळीत सामावून घेते. भारत या करारात १९८२ साली सहभागी झाला. तथापि, २०१० च्या नियमांनी २५०० मीटरांहून कमी उंचीवरील पाणथळीसाठी, ती अन्य कारणाने मान्यता पावलेली नसल्यास, किमान ५०० हेक्टरांची अट घातली. २०१७ च्या नियमांतून ही अट गेली आणि ‘तात्पुरते’ हा शब्द व्याख्येत राहिला. परंतु त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ज्या २,०१,५०३ पाणथळींना संरक्षण देण्याचा आदेश दिला, त्या उपग्रहचित्रांवरून केलेल्या यादीतील सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या होत्या. आदेश निःसंशय उपकारक होता. पण नियमातून बाहेर पडलेली क्षेत्राची अट नकाशाच्या वाटेने परत आली, हेही तितकेच खरे आहे.

या मापात काय बसत नाही, हे सह्याद्रीच्या पठारांवर आणि कोकणातील सड्यांवर पाहावे. जांभ्याच्या कातळात पावसाळ्यात वीतभर खोलीची डबकी भरतात आणि पाऊस ओसरल्यावर काही आठवड्यांत आटतात. साताऱ्याजवळील कास पठारावरचा वायतुरा अशाच पाण्यात वाढतो. १९८२ साली वनस्पतिशास्त्रात ‘ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस’ या नावाने नोंदलेल्या या वनस्पतीचा तुरा दुभंगलेला असतो. उन्हाळ्यात तिचा कंद कोरड्या मातीत निपचित पडून राहतो. पाणी येणे तिला जितके आवश्यक आहे, तितकेच त्याचे जाणेही आवश्यक आहे. गेंद आणि सीतेची आसवे या तिच्या सोबतिणींचाही जीवनक्रम याच ऋतुचक्राशी बांधलेला आहे.

म्हणूनच अशा जागेचा नाश दोन परस्परविरुद्ध मार्गांनी होतो. डबके बुजवून, चिरेखाणीसाठी कातळ कापून ते नाहीसे होते, हे उघड आहे. पण तेच डबके खोल करून बारमाही तळे केले, तरी तेथील अल्पजीवी वनस्पतींचा आधार जातो. क्षेत्रफळाच्या कसोटीवर या दुसऱ्या कृतीत पाणथळ वाढलेली दिसेल. जे माप हानीची गणना लाभ म्हणून करते, ते सदोष मानणे भाग आहे.

कास पठार २०१२ साली पश्चिम घाटाच्या ३९ स्थळांपैकी एक म्हणून जागतिक वारशात समाविष्ट झाले, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु कोकणातील बहुसंख्य सड्यांना असे नाव नाही. शेताच्या सातबारावर कातळ ‘पोटखराबा’ म्हणून, लागवडीस अयोग्य म्हणून लिहिला जातो. एका दप्तरात खराब ठरलेली आणि दुसऱ्या नकाशात न उमटलेली जमीन नाहीशी झाली, तरी तिची नोंद कोण ठेवणार?

प्रत्येक डबक्याची स्वतंत्र अधिसूचना काढणे अशक्य आहे, हा आक्षेप अयोग्य नाही. त्यावर उपाय डबके सोडून देण्याचा नव्हे, तर घटक बदलण्याचा आहे. संपूर्ण सडा हा एक घटक मानावा. त्यावरील पाणी किती आठवडे टिकते आणि केव्हा आटते, याची नोंद क्षेत्रफळाच्या जोडीने ठेवावी. हे काम उपग्रहापेक्षा त्या सड्यावर गुरे चारणाऱ्यास आणि पावसाळ्यात तेथे वारंवार जाणाऱ्या अभ्यासकास अधिक साधेल. ‘तात्पुरते’ हा शब्द व्याख्येत आहेच. त्याला मोजमापाचा आधार मिळेपर्यंत तो केवळ औदार्याचा शब्द राहील आणि वायतुऱ्यास त्याचा उपयोग होणार नाही.