'अतिप्रसंगा'तला 'अति'

'अतिप्रसंग' हा शब्द आज आपल्याला भेटतो तो वर्तमानपत्रातल्या गुन्ह्यांच्या बातम्यांत. त्याचे माहेर मात्र न्याय आणि व्याकरण या शास्त्रांत आहे. एखादा नियम जिथे लागू व्हायला नको तिथेही लागू होऊ लागला, की शास्त्रकार म्हणणार, हा अतिप्रसंग झाला. 'शिंगे असलेला प्राणी म्हणजे गाय' असे लक्षण केले, तर म्हैसही गाय ठरते. दोष लक्षणाचा, म्हशीला कोणी जाब विचारत नाही.

'प्रसंग' या शब्दात 'चिकटणे' या अर्थाचा 'सञ्ज्' धातू आहे. 'संग' आणि 'आसक्ती' त्याच कुळातले. तेव्हा हा शब्द लगटीकडे वळला यात नवल नाही. पण मराठीत प्रसंग येतो, ओढवतो, गुदरतो; तो सहसा कोणी करत नाही. म्हणून 'अतिप्रसंग केला' असे छापले तरी कानाला काहीतरी आपोआप घडल्यासारखे वाटते. त्यातून 'तिच्याशी' आणि 'तिच्यावर' अशी दोन्ही रूपे वाचायला मिळतात. मला 'तिच्याशी' अधिक खटकते. आपण कोणाशी बोलतो, कोणाशी लग्न करतो, कोणाशी भांडतो. या क्रियांत दोघांचा वाटा असतो. अत्याचार मात्र 'वर' होतो. एका प्रत्ययाने तिला भागीदार करून टाकले!

याहून मोठी अडचण 'अति'ची आहे. अति म्हटले की आधी काही माप गृहीत धरावे लागते. मग थोडी लगट चालली असती का? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा हे मापच वापरत नाही. वर्तन नकोसे होते का, एवढे तो विचारतो. शब्द अजून 'किती?' विचारतो आहे. कायदा 'हवे होते का?' इथवर आला आहे.

'विनयभंग' हा पर्याय मला फारसा बरा वाटत नाही. 'विनय' म्हणजे मुळात शिस्त, वळण. बौद्धांचे विनयपिटक भिक्षु-भिक्षुणींच्या आचारनियमांचे आहे. त्या अर्थाने विनय मोडला तो हात टाकणाऱ्याचा. आपण मात्र भंग स्त्रीच्या खात्यावर मांडतो. १८६०च्या दंडसंहितेतले ३५४ कलम जाऊन २०२४पासून न्यायसंहितेचे ७४ आले, तरी कल्पना तीच राहिली. साडेसात महिन्यांच्या मुलीला विनय असतो का, हा प्रश्न पंजाबातल्या एका प्रकरणात थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९६६ साली न्यायालयाने बहुमताने उत्तर दिले, असतो. उत्तर योग्यच, पण असा प्रश्न विचारावा लागला तो त्या एका शब्दापायी.

'अतिप्रसंगा'च्या बाजूनेही बोलले पाहिजे. ज्या घरांत या विषयाला तोंडच फुटत नव्हते, तिथे एखाद्या बाईला आईजवळ किंवा जावेजवळ एवढे तरी म्हणता येत होते. तिच्या तोंडी तो आडपडदा मला समजतो, आणि तो काढून घेण्याचा हक्क कोणाला नाही. बातमीदाराची गोष्ट वेगळी. वाट अडवली, हात धरला, दाराला आतून कडी लावली, असा तपशील त्याच्यासमोर असतो. कोणाचे नाव न घेताही तो जसाच्या तसा लिहिता येतो.