आपल्या कवितेतला बाप कुठल्या पाळीला जातो?

दलित साहित्यात आई भरपूर आली. बाप आला तो बहुतेक वेळा पोराच्या नजरेतून आला. दया पवारांच्या ‘बलुतं’त (1978) तो मुंबईच्या गोदीत राबतो आणि दारूत बुडतो. लक्ष्मण मानेंच्या ‘उपरा’त (1980) गावोगाव फिरत टोपल्या विणणारा बाप पोराला शाळेत घालतो. शरणकुमार लिंबाळेंच्या ‘अक्करमाशी’त (1984) बाप आपलं नावच द्यायला तयार नाही. ही पुस्तकं आपली हत्यारं आहेत, त्यांचं मोल कमी करायचं नाही. पण तिन्हींत बापाचं चित्र मुलानं काढलंय. ज्याच्या घरी पाळण्यात पोर आहे आणि उद्या गेटवर घेतील की नाही याचा भरवसा नाही, असा पंचविशीतला बाप स्वतःच्या तोंडानं कुठं बोलतो? नारायण सुर्व्यांच्या ‘माझे विद्यापीठ’मध्ये (1966) कामगार स्वतः बोलला. ती वाट आपण पुढं किती चाललो?

शहापूर-मुरबाडात हा बाप पावलोपावली भेटतो. आसनगाव, आटगाव, खर्डीच्या फलाटावर तो अंधारातच लोकल धरतो. तानसा-भातसाचं पाणी मुंबईला जातं, त्याच दिशेनं माणूसही जातो. मुरबाडकर एसटीनं कल्याण गाठतो, नाहीतर एमआयडीसीत ठेकेदाराच्या हजेरीला उभा राहतो. 240 दिवसांचा आकडा त्याला पाठ असतो. तेवढे भरले तर कायम होण्याचा हक्क लागेल, म्हणून आधीच ‘ब्रेक’ द्यायची रीत जुनी आहे. गिरणीतला बदली कामगार हा त्याचाच थोरला भाऊ. ब्रेक कामाला मिळतो. पोराच्या दुधाला आणि वाण्याच्या वहीला मिळत नाही. कातकरी बाप तर उचल घेऊन बायकापोरांसकट वीटभट्टीवर जातो. वेठबिगारी कायद्यानं 1976 सालीच बंद झाली, उचल मात्र फिटत नाही.

आता व्यासपीठावर गाजणाऱ्या बापाच्या कविता ऐका. फाटकं बनियन, भेगाळलेली टाच, लपवलेलं रडू. टाळ्या पडतात. त्यात ठेकेदार नसतो, मुकादम नसतो, जातही नसते. बापाचं झिजणं हाच त्याचा मोठेपणा ठरतो. मालकाला याहून गोड गाणं कुठलं?

1 ऑगस्ट 2023 च्या पहाटे शहापूर तालुक्यातल्या सरलांबे इथं समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर कोसळून 20 जण मेले. बरेचसे परप्रांतातून पोटासाठी आलेले. आकडा छापून आला. त्यातले बाप किती, घरी वाट बघणारी पोरं किती, हे विचारणारी कविता आपण लिहायला हवी होती.

बाबासाहेबांनी 1938 साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढं दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपण पहिल्यावर तुटून पडलो ते बरोबरच. पण ठेकेदाराच्या दारात दोन्ही एकदम भेटतात. कुणाला मशीनवर घ्यायचं आणि कुणाच्या हातात झाडू द्यायचा, हे तिथं ठरतं. बाप आपल्याला तिथं उभा केलेला दिसला पाहिजे.

आणि त्याला देव करू नका. ठेकेदारावर न निघालेला राग तो घरी बायकोवर काढतो, तेही लिहा. तीही भट्टीवर, शेतावर राबून येते आणि मग चूल पेटवते, तेही लिहा.

मित्रांनो, पुढच्या अंकाला असं लिखाण पाठवा. हजेरी, उचल, ब्रेक हे शब्द तसेच ठेवा. त्यांच्या जागी ‘नियती’ लिहू नका. नियतीच्या विरोधात मोर्चा काढता येत नाही.