कैदेतला हिशेब

१९४२ च्या ऑगस्टमध्ये मौलाना आझादांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. तिथे त्यांनी एका स्नेह्याला उद्देशून पत्रे लिहिली. ती पाठवता येत नव्हती. पुढे १९४६ मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने प्रसिद्ध झाली. उर्दूवर वाढलेल्या आम्हाला कैदेचे साहित्य म्हटले की हेच आठवते: मौलानांचा चहा, त्यांच्या चिमण्या, नाहीतर फैजचा ‘जिंदाँनामा’. उर्दूत या प्रकाराला ‘हब्सियात’ असे स्वतंत्र नावच आहे.

त्याच वर्षांतल्या दुसऱ्या एका कैदेची रोजनिशी वाचताना मात्र आमची ही सवय उपयोगी पडली नाही. एडवर्ड डनलॉप हे ऑस्ट्रेलियन शल्यविशारद १९४२ मध्ये जावा बेटावर जपान्यांचे युद्धकैदी झाले. १९४३ च्या जानेवारीत त्यांना सियाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावरील छावण्यांत नेले. लिहिलेले सापडले असते तर जिवावर बेतले असते. तरीही त्यांनी लिहिले आणि लपवले. लिहिले काय? आज आजारी किती, कामावर किती माणसे मागितली, धान्य किती आले, कोण गेले. आरंभी हे रुक्ष वाटते. मग लक्षात येते की रोज सकाळी आजाऱ्यांना कामावरून वाचवण्यासाठी पहारेकऱ्यांशी वाद घालणाऱ्या डॉक्टरजवळ आकड्याखेरीज दुसरे हत्यार नव्हते. या लेखनाची ताकद त्याच्या कोरडेपणातच आहे.

रोनाल्ड सर्ल या इंग्रज चित्रकाराने त्याच रेल्वेवर आणि सिंगापूरच्या चांगी तुरुंगात मिळेल त्या कागदावर चित्रे काढली. पटकीच्या रोग्यांच्या अंथरुणाखाली ती लपवली, कारण पहारेकरी तिकडे फिरकत नसत. मरणारी माणसे त्या कागदांची राखण करीत होती! सुमारे ३०० चित्रे वाचली. सर्ल आणि डनलॉप या दोघांचीही पुस्तके १९८६ मध्येच आली. मृतांच्या घरच्यांचे दुःख ताजे होईल म्हणून डनलॉप इतकी वर्षे थांबले होते. हा संकोच आम्हाला मोठा वाटतो.

पण एक उणीव सांगितलीच पाहिजे. या रेल्वेवर साठ हजारांहून अधिक युद्धकैदी होते. त्यांतले बारा हजारांहून अधिक मेले. त्यांच्याखेरीज सुमारे दोन लाख आशियाई मजूर होते: मलायातले तमिळ, ब्रह्मी, जावाचे मुसलमान. त्यांतले अंदाजे नव्वद हजार मेले असे म्हणतात. या पुस्तकांत ते येतात ते दुरून, नाव नसलेल्या गर्दीसारखे. हा दोष एकट्या डनलॉप यांचा नव्हे. सैन्याजवळ यादी होती, हुद्दा होता, लिहिणारा अधिकारी होता. मजुरांमध्ये हिशेब ठेवणारे कोणी नव्हते.

‘अंदाजे’ हा शब्द आम्हाला इथे फार बोचतो. ज्यांची नोंद झाली त्यांना कबर आणि नाव मिळाले. ज्यांची झाली नाही ते ‘अंदाजे’ या शब्दाखाली पुरले गेले. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, असा हुकूम असलेल्या उम्मतीला हे वेगळे सांगायला नको. हब्सियात आमच्याकडे पुष्कळ आहे. विलापाची आम्हाला कधी कमतरता पडली नाही. तारीख, नाव आणि आकडा लिहून ठेवणारी माणसे मात्र थोडी आहेत. संकटाच्या दिवशी अश्रूंइतकीच एका वहीचीही गरज असते, हे या पुस्तकांनी आम्हाला शिकवले.